पोस्टरवरचा शब्द

जिल्ह्याहून पोस्टर आलं. गुळगुळीत कागद,
डोक्यावर पदर घेतलेली गोरी बाई, फुली मारलेला ग्लास,
खाली: गर्भवती मातांनी मद्यपान टाळावे.
शाळेच्या भिंतीला लावलं
आणि दोन दिवस बघत राहिले, कोण वाचतंय.
एक शेळी आली. तिनं खालचा कोपरा खाल्ला.

कुरुंदवाडच्या अलीकडं, नदीच्या वळणावर
आमच्यात गर्भवती कुणीच नसतं.
मळ्यातल्या बायका गरवार असतात,
वीटभट्टीवरच्या बसुरी,
रामदुलारी, जिचा नवरा इचलकरंजीत मागावर, ती पेट से,
आणि कारखान्याच्या माळावर, कोपीत,
पाटोद्याची शेवंता: दोन जिवाची.

मद्यपानही कुणी करत नाही.
पहाटे तीनला ट्रक भरायचा असतो,
डोक्यावर मोळी, पायाखाली हलती फळी, थंडी हाडात.
नवरा स्टीलचा पेला पुढं करतो.
त्याला अंगदुखीचं म्हणतात.

मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता.
तिसऱ्याचा हिशेब नाही.
माझ्या रजिस्टरात सतरा रकाने,
लोह, धनुर्वात, वजन, शेवटची पाळी;
पेल्याचा एकही नाही.
मीसुद्धा विचारलं नाही, शेवंताच्या पहिल्या खेपेला.
सुदाम आता पाच वर्षांचा. चार शब्द येतात.
बोट सोडलं की कुठंही चालू लागतो.
डॉक्टर म्हणाले, नक्की कशानं, सांगता येत नाही.
शेवंता म्हणाली, ताई, कुणी सांगितलं असतं तर.
"तर"च्या पुढं ती गेली नाही.
मी चहा संपवला. गारढोण झाला होता.

मग गेले गंगव्वाकडं.
भट्टीमागं तिचा कॅन, गावाला ठाऊक.
तिला वाटलं, पोलीस घेऊन आले.
म्हटलं, मला शब्द पाहिजेत.
ती म्हणाली, बसुरीला मी देत न्हाई. नवरा नेतो.
कुणासाठी, मी कशाला विचारू?
बिडी विझेपर्यंत गप्प बसली.
मग म्हणाली, विचारते.

मेहरुनबी शिवण उसवून ब्लाऊज सैल करते,
कोण किती महिन्यांची, तिला माझ्याआधी कळतं.
तिनंच पोस्टर उलटं केलं,
कोऱ्या बाजूवर स्केचपेननं चारी शब्द लिहिले,
ग्लास खोडून पेला काढला.
लिंबाजी मुकादम महिनाभर नडला: उचल कोण फेडणार?
शेवटी इतकंच म्हणाला,
दोन जिवाचीनं मोळी उचलू नये, खाली बसून वाढं बांधावं.
गुऱ्हाळवाल्यानं पहाटे किटली धाडली,
गूळ, सुंठ, वाफ.

गंगव्वाचा निरोप येतो कधीमधी:
एकानं दोन पेले मागितले, एकच दिला, बघ जरा.
मी चप्पल घालते.

परवा माळावर शेवंता वाढं बांधत होती, सातवा लागलाय.
सुदामनं तिचा पेला धरला
आणि हात मागं घेत म्हणाला, कढत.
पाचवा शब्द.
मी रजिस्टरात लिहिला, समासात, रकाना नव्हता.

रामदुलारी अजून दार उघडत नाही.
मेहरुनबी म्हणाली, उद्या मी जाते,
माप घ्यायला आले म्हणून.