खरं

माझ्या बापाच्या वेळी बेळगावात
छताला हूक सोडायची पद्धत नव्हती.
गवंडी विचारायचाच नाही.
पाळण्याला कडी असायची, तेवढीच.
पंखा म्हणजे मुंबईच्या पाहुण्यांचं दुखणं.
वैशाखातसुद्धा पहाटे पायांवर वाकळ लागायची.

मी भरमा कडोलकर, एकोणऐंशीपासून वायरमन.
पहिला हूक ठोकला शहापुरात, एका सोनाराकडे, हौस म्हणून.
गल्ली बघायला जमली.
सोनारीण शाल पांघरून पंख्याखाली बसली होती.

त्याच्या पुढच्या साली हलगेकर मास्तरांचं व्याख्यान होतं वाचनालयात.
माईक लावायला गेलो, म्हणून ऐकलं.
म्हणाले, धूर वर जातो, नाहीसा होत नाही.
त्याची वाकळ शिवली जातेय पृथ्वीवर,
दर साली एक थर.
विलायतेत कुणी तरी हे गणित
पेन्सिलीनं मांडून ठेवलंय, आपले आजे रांगत होते तेव्हा.
सतरा माणसं. टाळ्या वाजल्या.
अध्यक्ष उठले:
'सरांनी सांगितलं ते खरं,
खरं…'

परगावच्यांसाठी सांगतो,
आमच्याकडे 'पण'ला 'खरं' म्हणतात.
येणार होतो, खरं बस चुकली.
द्यायचे होते, खरं पगार झाला नाही.
मान डोलवायला हाच शब्द,
पाय मागं घ्यायलाही हाच.

मास्तरांनी पेरूच्या झाडाला थर्मामीटर बांधला.
रोज दुपारी दोनला वहीत आकडा.
वर्षाअखेर सगळं उतरवून कचेरीला पत्र.
एकदाच उत्तर आलं, कन्नडात.
शेजारच्या इरप्पानं वाचून दाखवलं: गमनिसलागिदे.
म्हणजे, नोंद घेतलीय.

गाव तेव्हा पाटीवरून पेटायचं.
बंद, मोर्चा, दगड, लाठी.
मीही होतो त्यात, पाठीवर वळ घेऊन घरी आलो.
त्याची लाज नाही मला.
खरं पारा कुठल्याच बाजूचा नव्हता,
त्याच्यासाठी कुणी एक दुकान अर्धा दिवस बंद ठेवलं नाही.

मग हूक वाढले.
टिळकवाडी, हिंदवाडी, मग थेट कंग्राळीपर्यंत.
खानापूर रोडची झाडं पडली त्या साली
मी स्कूटर घेतली.
नंतर तर स्लॅबमध्येच हूक टाकू लागले, खोलीला दोन.
पोरगा म्हणाला, आता एसी शिकूया.
शिकलो.

एकोणीस साली नाल्याचं पाणी वडगावात शिरलं.
मागांच्या मोटारी गोण्यांतून माझ्या दुकानात आल्या.
चिखल खरवडत बसलो होतो, मास्तर आले काठी टेकत.
मोटारींकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.
काही बोलले नाहीत.
मलाच विचारायचं होतं काही तरी,
खरं गिऱ्हाईक थांबलं होतं.

यंदा चैत्रात त्यांचाच फोन.
'भरमा, एक हूक हवाय.'
गावातलं शेवटचं बिनहुकाचं छत असावं ते.
मी शिडीवर, ते खाली शिडी धरून, ब्याण्णव वर्षांचे,
चुन्याची भुकटी त्यांच्या भुवयांवर.
वहीवर नव्हे, छताकडे बघत म्हणाले,
'आजवर किती ठोकलेस?'
म्हटलं, मोजले नाहीत, बिलबुकं आहेत सगळी, साल घालून.
मास्तर हसले. शिडी हलली.
'म्हणजे वही तूच ठेवलीस की रे.
माझी कुणी वाचली नाही.
तुझी तर लोकांनी पैसे देऊन लिहवून घेतली.'

पंखा लावला. पैसे घेतले नाहीत.
तेवढं करून काय होतं, ते मलाही कळतं.

रात्री माळ्यावरून बिलबुकं काढली.
पहिल्या वर्षाची पाच पानं.
मधली पुस्तकं मांडीवर मावेनात.
पोरगा एसीच्या खोलीतून ओरडला, दार लाव, गार हवा जातेय.
मी म्हटलं, अरे, हे बघ तरी जरा.
तो आला. बघितलं. बराच वेळ बघितलं.
म्हणाला, 'बाबा, खरं…'

यातलं कुठलं म्हणाला,
अजून विचारलेलं नाही.