वीसदा

टॉडमॉर्डनच्या दुकानात नॉर्मन
दोन चकत्या काउंटरवर ठेवतो:
एकशेऐंशी, दोनशेतीन.
केबलचे स्वस्त, म्हणतो,
पण इथल्या उतारांवर बोटं भरून येतील.
तेलाचे घे. एका बोटात थांबतात.

मी वजन सांगते.
पहिल्यांदाच खरं.
कुठे पडलीस, तो विचारत नाही;
खांद्यावरचे टाके बघतो
आणि मोठी चकती पुढे सरकवतो.

लगेच डोंगरावर नेऊ नकोस,
नवे पॅड धरत नाहीत.
सपाटीवर वेग घे, दाब,
पूर्ण थांबायच्या आत सोड.
वीसदा.

कालव्याकाठी मी तेच करत राहते.
बदकं कंटाळून पलीकडे जातात.
सतराव्या खेपेला
बारीकशी कुरकुर,
आणि पुढचं चाक ऐकतं माझं.

उरलेल्या तीन खेपा
तरीही मी पुऱ्या करते.