दीड फूट

नकाशात पंचायतीचं कंपाउंड पाच फुटांचं होतं,
वर काचा.
भरमाणी गवंड्यानं ते दीड फुटावर थांबवलं,
माथा सपाट घोटून काढला
आणि इंजिनियरला म्हणाला, सिमिट सरलं साहेब.
सरलं नव्हतं. पोती आम्ही सगळ्यांनी बघितली होती.

आत ग्रामसभा. पंख्याखाली चाळीस खुर्च्या,
स्टेजवर पाच, त्यांना हात असलेल्या.
ठराव कानडीत वाचतात, भराभर,
पंगत बसायच्या आधी हात धुवावेत तसे.

बाहेर भिंतीवर आम्ही.
खिडकी उघडी असली की
बाळव्वा ह्या टोकाला ऐकते,
शेजारच्या इनासला मराठीत सांगते,
इनास पुढच्याला,
आणि नळाचा ठराव त्या टोकाला पोचेस्तोवर
त्याला आणखी दोन नळ फुटलेले असतात.

परवा तिथूनच ती ओरडली,
एकदा कानडीत, एकदा मराठीत:
बोर्ड दोन्ही अक्षरांत पाहिजे,
खरं पाणी आधी सोडा!
आतल्या खुर्च्या वळल्या.
खुर्च्या वळतात
हे आम्हाला तेव्हा कळलं.

नवं टेंडर निघालंय म्हणतात. सहा फूट, जाळीसकट.

भरमाणी गुडघ्यांनी अधू झालाय.
येतो, काठी टेकतो,
आपल्याच भिंतीचा पोपडा नखानं खरवडून बघतो, बसतो.
एवढीच का रे बांधलीस, विचारलं
तर म्हणतो, माप घेतलं की
आमच्या आईच्या गुडघ्याचं.
जुन्या चावडीसमोर
उभीच असायची ती.