नमुना क्रमांक ४१

परभणी. तुरीच्या पानावरचा, सकाळी सातचा.
लांबी चार मिलिमीटर, सोंड सोडून.
सोंड धरायची नसते मुंजाजी, नियम आहे.

रंग राखेचा, पण खवले खरवडले तर
खाली काळाच, आपल्या मातीसारखा.
मिशा कोपरात वाकलेल्या.
पंखझाकणांवर टिंबांच्या दहा ओळी,
कुणी सुईनं टोचत गेल्यासारख्या.
मांडीला एक काटा.
गणात बसतो, कुळात बसतो, प्रजातीतही.
जातीपाशी अडतो.

मुंजाजी भिंगात डोकावतात:
"बाई, हे तर सोंडं.
मह्या मायनं सुपानं किती पाखडलेत."
नाव होतंच म्हणजे.

मी रकाना कोरा ठेवते, टाचणी उचलते.
पाय पोटाशी घेऊन
मघापासून मेलेला तो
एक मिशी हलवतो.