पडलेल्याचा भाव

रविवारी सकाळी जुन्या बाजारात
सिकंदर गोणपाटावर ओततो
नळाच्या तोट्या, घड्याळांची पोटं, किल्ल्या हरवलेली कुलुपं.
बिल्ले मात्र वेगळे, बिस्किटांच्या डब्यात.

मी उकिडवा बसतो. गुडघे बोलतात.
पत्र्याला पोपडे, टाचण्या गंजलेल्या,
कुणाच्या बैलाचं एक शिंग गेलेलं,
कुणाची पणती विझून नुसती काळी वाटी.
बोटांचा वास दोनदा साबण लावूनही जात नाही,
बायको दारातच ओळखते.

नऊ वर्षांचा होतो. नाना पेठेत
जीप शिरली की मागे पळायचं,
काका, बिल्ला! काका, बिल्ला!
ते मूठभर उधळायचे, आम्ही धुळीतून वेचायचो.
एकमेकांचा उद्धार करणारे सगळे
माझ्या एका खिशावर गुण्यागोविंदाने.
मत द्यायला अजून बारा वर्षं होती.

"निवडून आलेला दहाला," सिकंदर म्हणतो,
"पडलेला शंभरला."
हा कुठला न्याय?
"साहेब, जिंकलेल्याचे घरोघर निघतात.
पडलेल्याचा कोण ठेवतो?"

आज डब्याच्या तळाशी
शिडी.

अपक्ष. विनायक खळदकर.
गणिताची शिकवणी घ्यायचे, माडीवर, आम्हा अकरा पोरांची.
जीप नव्हती. सायकलच्या दांडीला पत्र्याचा कर्णा.
बोहरी आळीतून उधारीवर पाचशे बिल्ले आणलेले,
उधळले नाहीत,
एकेकाच्या तळहातावर ठेवत म्हणायचे,
टाचणी आहे रे, जपून.

मतं पडली एकशे त्रेचाळीस.
दुसऱ्या दिवशी फळ्यावर कुणीतरी
शिडी काढून ठेवली होती,
खालच्या तीन पायऱ्या नसलेली.
पोरं फुसफुसली.
मास्तरांनी पाहिली, पुसली नाही.
उरलेल्या अर्ध्या फळ्यावर
काळ-काम-वेगाचं गणित घातलं,
आणि उत्तर मलाच विचारलं.

माझ्या बोटांना खडू होता.
मास्तर बोटांकडे बघत होते की नाही,
हे मी पंचावन्न वर्षं ठरवतोय.

"घासाघीस नाही आज?" सिकंदरने विचारलं.
मी नोट दिली.

घरी येऊन वाटीत चिंच भिजत घातली,
मग तशीच ओतून दिली.
गंजाबरोबर
शिडीही निघून यायची.