कुठेतरी

निमकरांनी प्रुफं पाठवलीत.
संग्रहाची नवी आवृत्ती निघतेय, त्यात
भाऊच्या धक्क्यावरची ती गोष्ट,
सव्विसाव्या वर्षी लिहिलेली.
गुरुवारपर्यंत द्या म्हणाले, आणि काही बदलू नका,
शेवट तर मुळीच नाही.

शेवट असा, की
'मी' रेवसच्या लाँचची वाट बघत उभा आहे.
खालच्या पायरीवरून पोरगा ओरडतो, सायेब, टाका.
'मी' पाच रुपयांचं नाणं टाकतो.
तो उडी घेतो. 'मी' आकडे मोजू लागतो.
त्रेसष्टवर गोष्ट संपते.
पुढे कोरं.

त्या कोऱ्या जागेचं फार कौतुक झालं तेव्हा.
कोणी संयम म्हणालं, कोणी तटस्थता.
मीही मान डोलावली.
खरं सांगायचं तर पुढचं मला सुचलं नव्हतं,
आणि पाकीट टपालात टाकायचा तो शेवटचा दिवस होता.

आता रात्रीचे साडेअकरा. शिवडीची दोन खोल्यांची जागा.
शाल्मली आत झोपलीये, आडवी,
आईच्या पोटावर पाय टाकून.
संध्याकाळी न्हाऊ घालताना
डोक्यावर तांब्या ओतला की ती श्वास धरते,
गाल फुगवून, डोळे गच्च.
मी मोजतो, एक, दोन,
तीनला माझाच जीव वर येतो.

त्रेसष्ट कसं मोजलं असेल मी?

लाल पेन घेऊन बसलो तर
'मी' नावाचा तो माणूस ओळखूच येईना.
कडक इस्त्रीचा शर्ट. पाण्याचा रंग
त्याने तीन ओळी लावून वर्णिलाय,
तेलाचा तवंग, त्यातलं इंद्रधनुष्य वगैरे.
पोराच्या गुडघ्यावरची जखम मात्र
'तांबूस' एवढ्यात उरकली.
ओली होती का, खपली धरली होती का,
सकाळपासून पोटात काही होतं का त्याच्या.
तो म्हणेल, याचा कथेशी काय संबंध?
नसेल बाबा.
मी आता कुठेही गेलो की आधी कठडाच दिसतो,
कठड्याच्या गजांमधलं अंतर दिसतं,
समुद्र नंतर.

आणि मग ती ओळ सापडली, पान एकशे चौदा,
एका लांबलचक वाक्याच्या शेपटाला:
'बाप कुठेतरी जाळं विणत होता.'

कुठेतरी.

कुठे, लेका?
धक्का तो केवढासा.
दहा पावलांवर असणार,
बर्फाच्या टेम्पोच्या सावलीत,
पाठ इकडे करून, म्हणजे पोराला वाटावं
की बाप बघत नाहीये.
हातातली सुई गाठीच्या मध्यावर थांबलेली.
तोही मोजत असणार.
माझ्या कितीतरी आधी सुरू केलं असणार त्याने,
पहिली उडी मारली त्या दिवसापासून,
आणि अजून थांबला नसेल.

शेवटाला हात लावला नाही. शब्द दिलाय.
'कुठेतरी' तेवढं खोडलं,
समासात लिहिलं, 'तिथेच'.

निमकर विचारतील, याने काय फरक पडतो.

आतून हाक आली, बाबा, पाणी.
उठलो. पेला अर्धाच भरला.
ती घटाघटा प्यायली, मध्ये न थांबता,
आणि मी अंधारात वाकून
पेल्याला खालून बोट लावून.