बारापर्यंत

ऑगस्टची वीस तारीख.
कायदा म्हणतो, दुपारी बारानंतर.
आम्ही नऊपासून बोरूच्या बेटात दडून
चौघं आणि एक कुत्री,
ट्युरेच्या मेव्हण्याच्या होडीत.
होडीत पाणी येतं, पण बेतानं.

क्युरो नदीचं पाणी इथे कोऱ्या चहासारखं.
वर कुठेतरी दलदल आहे, ती रंग सोडते.
पलीकडे ओटाचं शेत, अर्धं कापलेलं,
अर्धं कुणाची तरी वाट बघत.

बदकं समोरच.
अकरा. दोनदा मोजली.
इतकी जवळ की चोचीतून निथळणारं पाणी दिसतं.
त्यांना तारीख माहीत नाही.

"उडताना नर-मादी कळायची नाहीत,"
एन्सियो कुजबुजतो, "हिरवं डोकं पुढे थंडीकडे येतं.
आत्ता सगळी घरच्या कपड्यांत."

राइली कॉफी ओतते, आवाज न करता.
अठ्ठावीस वर्षं टपाल वाटलंय तिनं,
कुठल्या फाटकाची कडी कुरकुरते, तिला पाठ.
माझा परवाना पाच महिन्यांचा.
डास माझ्याच मानेवर का बसतात
हे विचारायची ही वेळ नव्हे.

एन्सियोचा ट्रान्झिस्टर, दोरीनं आवळलेला,
अगदी हळू:
आधी मासेमारांसाठी वाऱ्याचे अंदाज,
मग खरखर,
मग तुर्कूच्या मोठ्या चर्चची घंटा.

पहिला टोला पडला
आणि खाली पुलापासून वर बंधाऱ्यापर्यंत
नदीनं आपली सगळी दारं एकदम आपटली.

अकराच्या अकरा उठली.
राइलीनं एकच बार काढला; एक पडलं, गोणीसारखं.
मी झाडली तिथे, जिथे ते होतं,
जिथे ते असणार होतं तिथे नाही.
तरी एक डगमगलं, पंख कलला,
आणि तिरकं, लांब, पलीकडच्या गवतात गेलं.

"लागलं!" मी ओरडलो.
माझ्याशिवाय कुणीच ओरडलं नाही.

एन्सियोनं बंदूक मोडली,
काडतुसं काढून खिशात टाकली.
ट्युरेनं टाकली. राइलीनं टाकली.
"आधी ते शोधायचं," एवढंच.

मग डोक्यावरून थवे गेले,
सुंदर, खालून, टप्प्यात,
आणि एकानंही मान वर केली नाही.
ट्युरेनं या दिवसासाठी रजा घेतली होती.
मुरू दोनदा पोहून आली,
अकरा वर्षांची, बहिरी,
मग काठावर आडवी होऊन आमच्याकडे बघत राहिली
जशी म्हातारी माणसं सुनांचा स्वयंपाक बघतात.

मी कमरेएवढ्या पाण्यात. चिखलानं डावा बूट गिळला.
"उजवा सांभाळ," ट्युरे म्हणाला.
तीन तासांत तो माझ्याशी इतकंच बोलला.

साडेतीनला सापडलं.
काठाच्या उकरलेल्या मुळांखाली
सगळं अंग पाण्यात बुडवून,
वर फक्त चोच,
एखादी वाळकी काडी असावी तशी.
आणि एक डोळा.
तो मिटत नव्हता.

पुढे काय करायचं ते शिकवलं होतं वर्गात,
रबरी बदकावर.
रबराला ऊब नसते
हे कुणी सांगितलं नव्हतं.

संध्याकाळी, म्हणजे नऊला, उजेड अजून तसाच,
एन्सियोच्या ओसरीवर पिसं काढत बसलो.
ओल्या बोटांना चिकटतात, झटकली तरी.
त्यानं चोच उजेडाकडे वळवली: पिवळट.
"नर," म्हणाला.
मग पंख पंख्यासारखा उघडून दाखवला,
आणि त्या सगळ्या मातकटात
निळी पट्टी, दोन्हीकडून पांढरी किनार,
ठेवणीतल्या लुगड्याचा काठ असावा तशी.
घरच्या कपड्यांतही अंगावरच होती ती.

राइली हात धुऊन निघाली, उद्या तिची पाळी.
ट्युरेनं विचारलं, "शनिवारी?"
कुणाला विचारलं ते नीट कळलं नाही,
म्हणून मीच हो म्हणालो.

बूट अजून नदीतच आहे.